पहिलं विमान पडण्यासाठीच घ्या!

सुरुवातीलाच एक कबुली देते. माझं सगळं शालेय शिक्षण कॉन्व्हेंटमध्ये झालं. तिथे मराठी म्हणजे आठवड्यातले मोजके तास आणि परीक्षेच्या आदल्या रात्रीचं गाईड. त्यामुळे या लेखात ऱ्हस्व-दीर्घ चुकलं तर संपादक मंडळाने सांभाळून घ्यावं. तसंही हा लेख चुकण्याबद्दलच आहे.

विषय आहे रिमोट कंट्रोलचं विमान. दरवर्षी आमच्या एरो क्लबचा डेमो झाला की चार-पाच ज्युनिअर्स येतात आणि विचारतात, "ताई, पहिलं विमान कुठलं घेऊ?" खरं म्हणजे त्यांनी ते आधीच ठरवलेलं असतं. मोबाईलमध्ये फोटो तयार असतो. टोकदार नाक, पंखावर बंदुका, ऑनलाईन सेलमध्ये डिस्काउंट. त्यांना माझ्याकडून फक्त "घे" एवढंच ऐकायचं असतं. मी "नको" म्हटलं की चेहरा पडतो. "पण ताई, ते दुसरं किती बावळट दिसतं!"

बरोबर आहे. ते बावळटच दिसतं. तरी तेच घ्या. माझं मत एका वाक्यात सांगायचं तर, पहिलं विमान घेताना ते कसं उडतं हे बघू नका; ते कसं पडतं आणि पडल्यावर किती वेळात जोडता येतं हे बघा.

हे शहाणपण मला फुकट मिळालेलं नाही. त्याची किंमत नऊ हजार रुपये आणि पप्पांशी बोललेलं एक खोटं.

चार सेकंदांचं स्पिटफायर

सेकंड इयरला असताना पप्पांनी लॅपटॉपची रॅम वाढवायला आणि नवी बॅटरी घ्यायला पैसे दिले होते. मी त्यात स्कॉलरशिपचे थोडे घातले आणि दुसऱ्या महायुद्धातल्या स्पिटफायरची नक्कल असलेलं एक फोमचं विमान मागवलं. सोबत ट्रान्समीटर, चार्जर, बॅटरी. पप्पांना फोनवर सांगितलं, "हो, लॅपटॉप आता मस्त चालतो." लॅपटॉप तेव्हा चालू व्हायला चहा पिऊन होईपर्यंत वेळ घेत होता.

उडवायचं कुठे? कॉलेजच्या ग्राउंडवर सगळ्यांसमोर पडलं तर इज्जतीचा फालुदा. म्हणून दिवाळीच्या सुट्टीत ते खोक्यासकट आजोळी, जऊळक्याला नेलं. जऊळका कुठे, असं होस्टेलमध्ये प्रत्येक जण विचारतो. वाशीम जिल्हा, मालेगाव तालुका (नाशिकवालं मालेगाव नव्हे, ते वेगळं!), अकोला-पूर्णा रेल्वे लाईनवरचं स्टेशन. दिवाळीपर्यंत तिकडचं सोयाबीन निघालेलं असतं, वावरं मोकळी होतात. फक्त मध्ये तुरीच्या ओळी उभ्या असतात. माणूस नाही, गाडी नाही, वायर नाही. मामांचं वावर रेल्वे लाईनपासूनही चांगलं लांब आहे. मनात म्हटलं, यापेक्षा भारी रनवे कुठे मिळणार?

बघायला मामा, मामी, दोन मावसभाऊ आणि शेजारची सगळी पोरं धुऱ्यावर येऊन बसली. मी फुल थ्रॉटल दिला, भावाने विमान फेकलं. मोटरच्या झटक्याने ते लगेच डावीकडे कललं. मी घाबरले आणि घाबरल्यावर प्रत्येक नवखा करतो तेच केलं, एलिव्हेटरची काडी पोटाशी ओढली. वेग आधीच कमी, त्यात नाक वर. पंखांनी उचलणं सोडून दिलं (पुस्तकात याला स्टॉल म्हणतात, त्यावर मी सहा मार्कांचं उत्तर लिहिलेलं होतं!) आणि स्पिटफायर नाकावर काळ्या ढेकळांत शिरलं. भावाने मोबाईलवर व्हिडिओ काढला होता, म्हणून आकडा नक्की माहीत आहे. फेकल्यापासून आदळेपर्यंत चार सेकंद.

पोरं टाळ्या वाजवत होती. त्यांना वाटलं, खेळ असाच असतो. मला रडू आलं. मामा शांतपणे उठले, तुकडे गोळा करून टोपलीत भरले आणि म्हणाले, "काय वं माय, घोड्यावर बसाच्या आंधी बकरीवर तं बसून पाहाचं न!"

मामांच्या बकरीचं गणित

आपण इंजिनिअर लोक, बकरी-घोडा म्हटल्याने आपलं समाधान होत नाही. म्हणून आकडे देते. कॅल्क्युलेटर घेऊन तपासा.

विमानाचं वजन भागिले पंखाचं क्षेत्रफळ, याला विंग लोडिंग म्हणतात. माझ्या स्पिटफायरचं वजन ७०० ग्रॅम आणि पंखाचं क्षेत्रफळ साधारण ११ चौरस डेसिमीटर. म्हणजे प्रत्येक चौरस डेसिमीटरवर ६३-६४ ग्रॅम. त्यानंतर मी जे साधं विमान बनवलं त्याचा पंख एक मीटर लांब आणि २० सेंटिमीटर रुंद, म्हणजे २० चौरस डेसिमीटर. वजन ६०० ग्रॅम. भागाकार ३०. निम्म्याहून कमी.

आता स्टॉलचा वेग विंग लोडिंगच्या वर्गमुळाच्या प्रमाणात वाढतो. पंखाचा लिफ्ट कोइफिशंट जास्तीत जास्त १.२ धरला, तर साधं विमान ताशी साधारण २३-२४ किलोमीटरपर्यंत हवेत टिकतं. स्पिटफायरला ताशी ३४ तरी लागतात. त्याहून हळू गेलं की ते दगड. ताशी दहा किलोमीटरचा फरक ऐकायला किरकोळ वाटतो. पण नवख्याला "अरे, डावीकडे चाललंय!" हे कळायला एक सेकंद आणि काय करायचं ते आठवायला दुसरा सेकंद लागतो. तेवढ्यात वेगवान विमानाचा निकाल लागलेला असतो.

आदळतानाचंही बघा. गतिज ऊर्जा वेगाच्या वर्गाने वाढते. वरचे दोन्ही वेग घेतले तर स्पिटफायर जमिनीवर जवळजवळ अडीचपट ऊर्जेने आपटतं. म्हणून एकाचे तुकडे टोपलीत जातात आणि दुसऱ्याला चिकटपट्टी लावून पाच मिनिटांत परत उडवता येतं.

मग घ्यायचं काय?

पंख धडाच्या वर असलेलं विमान घ्या. वजन पंखाखाली लटकतं. शिवाय समोरून पाहिल्यावर पंख दोन्ही टोकांना थोडे वर वळलेले हवेत, उघड्या पुस्तकासारखे. असं विमान कललं तरी काडी सोडल्यावर बऱ्याच अंशी आपलं आपण सरळ होतं. पंख खालून सपाट आणि वरून फुगीर असावा. तीन चॅनेल पुरतात: मोटर, एलिव्हेटर आणि रडर. एलेरॉन नंतर. मोटर शक्यतो मागे किंवा पंखाच्या वर असलेलं मिळालं तर उत्तम, कारण पहिल्यांदा जमिनीला लागतं ते नाक. आणि घेताना एवढं जरूर विचारा की एक पंख किंवा एक प्रोपेलर सुटा मिळतो का? मिळत नसेल तर ते विमान शोकेससाठी आहे.

तयार घेणं परवडत नसेल तर बनवा. मी तेच केलं. स्पिटफायरचा फोम गेला, पण मोटर, स्पीड कंट्रोलर, रिसीव्हर आणि दोन सर्वो जिवंत होते. वाशीमच्या स्टेशनरीच्या दुकानातून फोमच्या शीट आणल्या. पंखात बांबूची काडी घातली, कडांना पार्सलची चिकटपट्टी लावली. थर्मोकोल वापरणार असाल तर फेविकॉल लावा, झटपट चिकटणाऱ्या गोंदाने थर्मोकोल विरघळतं (हे मला कसं कळलं ते विचारू नका). पंख धडाला चिकटवायचा नाही, रबरबँडने बांधायचा. मामांनी सायकलची जुनी ट्यूब कापून गोल पट्ट्या करून दिल्या. आदळल्यावर पंख मोडण्याऐवजी निसटतो, परत बांधला की झालं.

सगळं जोडल्यावर वजनाचा तोल बघायचा. पंखाच्या पुढच्या कडेपासून रुंदीच्या पाव ते एकतृतीयांश अंतरावर, म्हणजे माझ्या विमानात पाच ते साडेसहा सेंटिमीटरवर, दोन बोटांवर विमान आडवं राहिलं पाहिजे. नाक किंचित जड चालेल. शेपूट जड असेल तर उडवूच नका, बॅटरी पुढे सरकवा.

अकरा वेळा

पहिल्या सकाळी माझं नवं विमान अकरा वेळा पडलं. मावसभाऊ मोठ्याने मोजत होता. सहा वाजता गेलो, कारण तेव्हा वारा जवळजवळ नसतो. नवख्याने झाडाची पानं हलायला लागली की सरळ घरी जावं. तीनदा मी उजवी-डावी चुकले. विमान आपल्याकडे तोंड करून येतं तेव्हा सगळं उलटं होतं, त्याचा उजवा तो आपला डावा. यावर एक सोपा उपाय आहे. जो पंख खाली गेलेला दिसतो त्याच बाजूला काडी न्यायची, जणू खाली टेकू देतोय. दोनदा भावाने विमान वर आकाशाकडे फेकलं. ते वाऱ्याच्या दिशेने तोंड करून, जवळजवळ आडवंच सोडायचं असतं. एकदा ते तुरीत हरवलं आणि शोधायला अर्धा तास गेला. एकदा बाभळीवर.

पण प्रत्येक वेळी पाच-दहा मिनिटांत ते पुन्हा तयार व्हायचं. प्रत्येक वेळी पडायचं कारण कळायचं. स्पिटफायरने मला चार सेकंदांत फक्त एक गोष्ट शिकवली होती, रडणं.

तिसऱ्या सकाळी विमान वर गेलं आणि वरच राहिलं. अर्धा थ्रॉटल, मोठी मोठी वळणं, वावराभोवती तीन फेऱ्या. दोन मिनिटं दहा सेकंद. उतरलंही बऱ्यापैकी, धुऱ्याच्या अलीकडे सोयाबीनच्या धसकटांत. मामा म्हणाले, "आता कसं झालं. पडलं तरी मरत नाही थे."

त्या संध्याकाळी मी पप्पांना फोन करून रॅमचं खरं सांगितलं. ते बराच वेळ गप्प होते. मग विचारलं, "आणि हे दुसरं कितीत झालं?" मी म्हटलं, साडेचारशे. ते म्हणाले, "मग आधी साडेचारशेवालं का नाही बनवलंस?" या प्रश्नाचं प्रामाणिक उत्तर असं आहे की मला उडवायचं नव्हतं, मला इंस्टाग्रामवर फोटो टाकायचा होता.

मोठ्या लोकांचंही असंच

तुम्ही म्हणाल, हे पोराटोरांचं झालं. तर १९०३ सालाकडे बघा. अमेरिकेत सॅम्युअल लँग्ली हे स्मिथसोनियन संस्थेचे सचिव, नावाजलेले शास्त्रज्ञ. सरकारने त्यांना ५०,००० डॉलर दिले. त्यांचं माणूस बसवायचं विमान त्या वर्षी ऑक्टोबर आणि डिसेंबरमध्ये दोनदा पोटोमॅक नदीत पडलं. इंजिन जोरदार होतं, पण चालवणाऱ्याला हवेत राहण्याचा काहीच सराव नव्हता. राईट बंधूंनी उलटं केलं. १९००, १९०१ आणि १९०२ अशी तीन वर्षं आधी बिनइंजिनाच्या ग्लायडरवर काढली, वाळूत पडले, पुन्हा जोडलं. १७ डिसेंबर १९०३ ला ते इंजिनवर उडाले तेव्हा पहिलं उड्डाण फक्त १२ सेकंदांचं होतं. माझ्या स्पिटफायरच्या तिप्पट, बस्स! आणि त्याच दिवशी चौथ्या उड्डाणानंतर वाऱ्याने विमान उलथून मोडलं. पण तोपर्यंत त्यांना उडता येत होतं.

आपल्याकडचं उदाहरण म्हणजे कॅप्टन अमोल यादव. ते आधी वैमानिक होते आणि मग त्यांनी कांदिवलीतल्या इमारतीच्या गच्चीवर सहा आसनी विमान बांधलं. फेब्रुवारी २०१६ मध्ये मुंबईच्या 'मेक इन इंडिया' सप्ताहात ते लोकांनी पाहिलं, पण चाचणी उड्डाणं धुळ्यात झाली ती २०२० मध्ये. मधली चार वर्षं कुणी फोटो काढायला येत नाही. खरं काम त्यातच असतं.

"पण ताई, ड्रोन घेतला तर?"

हा प्रश्न हमखास येतो. चार पंख्यांचा ड्रोन काडी सोडली की हवेत उभा राहतो, कारण आतला जायरो आणि कॉम्प्युटर सेकंदाला शेकडो वेळा तोल सावरत असतात. मला ड्रोनशी वैर नाही. फोटो काढायचे असतील, फवारणीचा प्रोजेक्ट असेल तर ड्रोनच घ्या. जायरोची मदत असलेली ट्रेनर विमानंही मिळतात आणि ज्यांना मोकळी जागा कमी आहे त्यांनी ती जरूर घ्यावी, फक्त हळूहळू ती मदत बंद करत जावी. पण फ्लुइड मेकॅनिक्सच्या पुस्तकातला पंख बोटांना कळावा असं वाटत असेल, तर जो तोल तुम्हाला स्वतः सांभाळावा लागतो तेच विमान हवं. त्याआधी कॉम्प्युटरवर सिम्युलेटर खेळा. तिथे शंभरदा पडलात तरी चिकटपट्टीसुद्धा लागत नाही.

दोन गोष्टी मात्र गंमतीत घेऊ नका. एक म्हणजे बॅटरी. लिथियम पॉलिमर बॅटरी होस्टेलच्या गादीवर चार्जिंगला लावून मेसला जायचं नाही. बॅलन्स चार्जर, लादी, आणि समोर माणूस. सेल ४.२ व्होल्टच्या वर नाही. वापरायची नसेल तर ३.८ वर ठेवा. फुगलेली बॅटरी वापरू नका. दुसरी म्हणजे जागा. २०२१ च्या ड्रोन नियमांत शिक्षणासाठी किंवा छंदासाठी नजरेच्या टप्प्यात उडवायच्या २५ किलोपर्यंतच्या मॉडेलचा वेगळा उल्लेख आहे. तो नीट वाचा. 'डिजिटल स्काय'चा नकाशा बघा, हिरव्या झोनमध्ये ४०० फुटांपर्यंतच रहा. विमानतळ, रेल्वे, विजेच्या तारा आणि माणसांची गर्दी यांच्यापासून दूर. फिरता प्रोपेलर बोट कापतो, त्याला पहिलं-दुसरं वर्ष कळत नाही.

शेवटी सरांना आणि मॅडमना

आमच्या क्लबमध्ये मागच्या वर्षी अठरा जण आले. वर्षअखेरीस सहा उरलो. बाकीचे बारा कंटाळले म्हणून गेले नाहीत. त्यातल्या बहुतेकांचं महागडं विमान पहिल्याच दिवशी फुटलं आणि घरी सांगायची हिंमत झाली नाही. मीही त्यातलीच एक झाले असते, माझ्या नशिबात मामा होते म्हणून वाचले. होस्टेलमध्ये प्रत्येकाला मामा मिळत नाही.

म्हणून तीन मागण्या. क्लबचं पहिलं विमान प्रत्येकाने शीट कापून स्वतः बनवावं, विकत आणलेलं चालणार नाही असा नियम करा. वर्कशॉपमध्ये आठवड्यातून एक संध्याकाळ एक टेबल आम्हाला दुरुस्तीसाठी द्या. आणि एक वही ठेवू द्या. त्यात उड्डाणं नाही लिहायची, पडणं लिहायचं. किती वाजता, वारा किती, काय चुकलं, काय बदललं.

तिसरी मागणी मला सगळ्यात महत्त्वाची वाटते. आपल्याकडे सबमिशनच्या आदल्या रात्री सगळ्यांच्या जर्नलमध्ये एकसारखी रीडिंग्ज येतात. ग्राफ एकदम सरळ रेषेत! कारण चुकलेल्या रीडिंगला मार्क नाहीत. चूक दाखवली तर मार्क जातात, लपवली तर मिळतात, हे आपण पहिल्या सेमिस्टरलाच शिकतो. विमान मात्र कॉपी करता येत नाही. ते सगळ्यांसमोर पडतं. पडलेल्या विमानाच्या चांगल्या रिपोर्टला जर उडालेल्या विमानाइतकेच मार्क मिळाले, तर पुढच्या वर्षी अठरातले पंधरा तरी उरतील अशी माझी पैज आहे.

माझं ते बावळट विमान अजून माझ्या खोलीत कपाटावर आहे. त्यावर इतक्या चिकटपट्ट्या आहेत की मूळ पांढरा रंग शोधावा लागतो. ज्याला पहिल्यांदा उडवून बघायचंय त्याने रविवारी सकाळी सहाला ग्राउंडवर यावं. फोडलंत तरी चालेल. चिकटपट्टी फक्त आपली आपण आणा!